२४ खळग्यांचा मिनी मफिन ट्रे
ठाण्यातील जांभळी नाक्यावरच्या एका भांड्यांच्या दुकानातून घेतलेला हा ट्रे रविवारच्या उशिराच्या न्याहारीसाठी प्रथमच वापरला. रवा, दही, किसलेले गाजर आणि हिरवी मिरची यांचे मिश्रण २० मिनिटे मुरू दिल्यावर त्यात इनो घालून लगेच खळगे पाऊणच भरले आणि १८० अंश सेल्सिअसवर भाजले, तेव्हा कडांना तांबूस झालेले, एका घासात संपणारे मफिन १५ मिनिटांत तयार झाले. मोठ्या आकाराच्या मफिनना याहून बराच अधिक वेळ लागतो. नॉनस्टिक म्हणून विकलेल्या या ट्रेला तेलाचा हात मात्र लावावाच लागतो, कारण पहिल्या घाण्यातील चारांचे बूड खळग्यातच राहिले (ते मी ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवले). शिवाय घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) ट्रे जेमतेम बसतो, म्हणून दुकानदाराच्या ‘बसेल हो’वर न विसंबता आतली रुंदी आधी मोजावी.