डोंगल, लिनक्स आणि घडोघडी येणारी तबकडी

काल ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा तिसऱ्यांदा गोठला आणि मागून आईचा आवाज आला, "अरे, तबकडी आली बघ परत." त्याच रागात हे लिहायला बसलोय. जून 2024 मध्ये घेतलेल्या 4जी यूएसबी डोंगलला या महिन्यात आठ महिने होतील. लॅपटॉप दहा वर्षांचा, त्यावर डेबियन 12 हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप. डोंगल जुनं, वापरलेलं, 1,400 रुपयांचं, कुठलंही सिम चालणारं. वेग किती, बँड कोणते हे लिहीत बसत नाही, ते सगळीकडे सापडतं.

डोंगल का, हॉटस्पॉट का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: आमचं घर दापोली तालुक्यात, दरीच्या पोटात, जांभ्याच्या भिंतींचं. घरात रेंज शून्य. माळ्याच्या पूर्वेकडच्या खिडकीत तेवढी येते. तिथे फोन टांगून ठेवला तर आलेला फोन घ्यायला शिडी चढायची कोणी? म्हणून 3 मीटरची एक्स्टेन्शन केबल घेतली, डोंगल खिडकीच्या गजाला बांधलं आणि लॅपटॉप खाली ओटीवर.

आता तबकडीबद्दल. हे डोंगल खोचलं की ते पहिल्यांदा मोडेम, म्हणजे नेट जोडणारं यंत्र, म्हणून येतच नाही, सीडी म्हणून येतं. माझ्या लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह 2019 पासून मेलेला आहे, तरी डेस्कटॉपवर चकचकीत सीडीचं चित्र. आत विंडोजसाठीचं सेटअप. युक्ती अशी की विंडोजवाल्याला ड्रायव्हरची वेगळी सीडी द्यायला नको. डोंगल स्वतःच सीडी बनतं, ड्रायव्हर टाकून घेतं आणि मग कात टाकून मोडेम होतं. लिनक्सला यातलं काहीच नको असतं. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आधीच आहे; त्याचं नाव 'ऑप्शन', त्याच नावाच्या बेल्जियन कंपनीच्या कार्डांवरून पडलेलं. पण समोर सीडी दिसतेय तोवर तो बिचारा कशाला हात लावेल?

ही कात टाकायला लावतं ते यूएसबी-मोडस्विच. योझुआ डिट्झे या माणसाने लिहिलेलं हे छोटं साधन नसतं तर आपल्यापैकी अनेकांची डोंगलं पेपरवेट झाली असती. ते डोंगलला 31 बाइटचा एक निरोप पाठवतं. त्याची सुरुवात 55534243 अशी, म्हणजे अक्षरांत वाचलं तर 'यूएसबीसी'. डिस्कला द्यायच्या आज्ञेचंच हे पाकीट. ते मिळालं की सीडी गायब होते, दोन-तीन सेकंदांनी टीटीवाययूएसबी0, 1, 2 अशी दारं उघडतात आणि पुढचं लिनक्समधले मोडेम-मॅनेजर आणि नेटवर्क-मॅनेजर बघतात. एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव, एकदा भरला की झालं.

हे सगळं आज सोपं वाटतंय. जूनमध्ये माझ्या मशीनवर यूएसबी-मोडस्विच नव्हतंच, कारण डेबियन टाकताना जागा वाचवायला मी 'शिफारस केलेली' पॅकेजं गाळली होती. काटकसर नडली. नेट चालू व्हायला पॅकेज हवं, पॅकेज आणायला नेट हवं. शेवटी एसटीने दापोलीला गेलो, फोनवर पॅकेजच्या दोन डेब फाइली उतरवल्या, घरी येऊन बघतो तर त्यांना लिबजिम नावाची तिसरी लागते. दुसऱ्या दिवशी परत एसटी. डोंगल विकणाऱ्याला फोन केला होता, त्याचं उत्तर: "साहेब, विंडोज टाकून घ्या ना." त्याला काय बोलणार.

पहिला महिना उत्तम गेला. आईची कीर्तनं, माझे हिशेब, सगळं ओटीवरून. मग जुलैच्या शेवटी तबकडी अवेळी यायला लागली. काम चालू असताना नेट जायचं, डेस्कटॉपवर सीडी उगवायची, मावळायची आणि साधारण 40 सेकंदांनी नेट परत. आईने तिचं नाव तबकडी ठेवलं आणि आल्याची वर्दी द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. मी चिडून ठरवलं, ही सीडीच नको. काही डोंगलांत एका एटी कमांडने, म्हणजे थेट मोडेमला द्यायच्या आज्ञेने, ती कायमची बंद करता येते. ऑगस्टमध्ये दोन रात्री मी त्या कमांडच्या मागे घालवल्या. माझ्या डोंगलने ती जुमानली नाही. पुढे कळलं, बरंच झालं.

कारण गुन्हा तबकडीचा नव्हताच. एका संध्याकाळी मोडेमची यादी दाखवणारं 'एमएमसीएलआय -एल' मारलं तर मोडेमचा क्रमांक 23. सकाळी लॅपटॉप सुरू केला तेव्हा तो 0 होता. मोडेम-मॅनेजर दर वेळी नव्याने दिसलेल्या मोडेमला पुढचा क्रमांक देतो. म्हणजे एका दिवसात डोंगल 23 वेळा मेलं आणि 23 वेळा जन्मलं, आणि जन्मताना दर वेळी सीडीच्या रूपात. डीमेसेजमध्येही, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीतही, तेच: आधी 'यूएसबी डिस्कनेक्ट', मग सीडी. मी रोग सोडून पुरळ खरवडत होतो.

पहिला संशयित सापडला तो मीच बसवलेला. बॅटरी वाचवायला जुलैत टीएलपी टाकलं होतं. ते वापरात नसलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवतं, आणि माझं डोंगल एकदा झोपलं की उठताना अडखळायचं. टीएलपी डॉट कॉन्फमध्ये 'यूएसबी_एक्सक्लूड_वॅन'समोर 1 लिहिला, म्हणजे डोंगलला झोपवू नको. (नाव असं वाचलं तर हसू येतं, अक्षरं डब्ल्यूडब्ल्यूएएन.) 23 वरून आकडा आठ-नऊवर आला. इथे मी विजयी झालो असं समजून, उरलेल्याचं खापर टॉवरवर फोडत चार महिने काढले. कालपर्यंत.

हे इथवर लिहिलं आणि सोडून दिलं होतं. आज तीन आठवड्यांनी पुढे लिहितोय, आणि वरचा राग निम्मा मागे घेतोय.

झालं असं की लिहिता लिहिताच एक गोष्ट खटकली. कीर्तन चालू असताना तबकडी क्वचित येते, माझ्या मीटिंगमध्ये हमखास येते. कीर्तन म्हणजे फक्त उतरवणं. मीटिंगमध्ये माझं चित्र वर पाठवावं लागतं. रेंज कमी असली की मोडेमला पाठवताना जोर लावावा लागतो आणि त्याचा वीजवापर वाढतो. यूएसबी 2.0 चं पोर्ट 5 व्होल्टला 500 मिलीअ‍ॅम्पिअर द्यायला बांधलेलं. पण ती वीज डोंगलपर्यंत पोचते का? चष्मा लावून केबलवरची बारीक अक्षरं वाचली: 28 एडब्ल्यूजी. गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक. 28 गेजचा रोध मीटरला साधारण 0.21 ओहम. केबल 3 मीटर, पण विजेला जाऊन-येऊन 6 मीटर, माझ्या एसटीसारखंच. म्हणजे सव्वा ओहमच्या वर, आणि अर्ध्या अ‍ॅम्पिअरला सहा दशांश व्होल्ट वाटेतच खर्च. 5 निघाले, डोंगलला 4.4 सुद्धा धड मिळत नाहीत. मग ते मीटिंगमध्ये चक्कर येऊन पडतं आणि उठताना तबकडी होऊन उठतं.

ही केबल 120 रुपयांची. 350 ची जाड केबल त्याच दुकानात, त्याच खिळ्याला लटकत होती, आणि दुकानदार ती दाखवत असताना मीच "एवढी कशाला?" म्हटलं होतं. तीच आणली. तिच्यावर 24 गेज लिहिलंय, नुकसान पाव व्होल्टवर आलं. हिशेबाने दीड मीटरची बारीक केबलही जवळपास चालली असती, पण मग लॅपटॉप माळ्यावर न्यावा लागेल आणि आईची वर्दी बंद होईल.

एकोणीस दिवस झाले. लॅपटॉप मध्ये एकदाही बंद केलेला नाही, मोडेमचा क्रमांक 2. त्यातला एक आकडा मांजराने केबल ओढल्यामुळे वाढला. सिग्नल तोच आहे, आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचं माप) उणे 108 च्या आसपास, काही वाढलेला नाही. म्हणजे चार महिने मी ज्या टॉवरला शिव्या घातल्या त्याचा यात फारसा दोष नव्हता. ग्राहक सेवेला केलेल्या तीन तक्रारी तशाच उघड्या आहेत, त्या बंद करायला फोन करावा तर मेनूतला तो पर्यायच सापडत नाही.

घ्यावं का, असं कोणी विचारलं तर: जुनं डोंगल 1,400 च्या वर घेऊ नका, यूएसबी-मोडस्विच आणि लिबजिम आधीच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा आणि केबलवरचा आकडा दुकानातच वाचा. ती कमांड सापडली तरी सीडी बंद करू नका, गडबड झाली की तीच पहिली सांगते. उन्हाळ्यात पूर्वेच्या खिडकीत डोंगल किती तापतं हे अजून बघायचंय, एप्रिलमध्ये लिहीन.

जुनी केबल टाकवत नाही. तिने आता आईच्या देव्हाऱ्यातला छोटा यूएसबी दिवा चालतो. त्याला फार वीज लागत नाही.