शोधपत्रिका की वाङ्मयीन नियतकालिक : समीक्षेचा लेख कोठे द्यावा?

प्रबंधातील एखादे प्रकरण लेखरूपात छापण्याच्या विचारात असलेल्या मराठीच्या अभ्यासकापुढील निवड गेल्या काही वर्षांत बदलली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत मान्य शोधपत्रिकांची ‘केअर’ ही आपली यादीच बंद करण्याचा निर्णय आयोगाने घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो जाहीर केला. पत्रिका पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आली असून आयोगाने त्यासाठी केवळ सूचक निकष दिले आहेत.

नोकरीच्या हिशेबात शोधपत्रिकेचे पारडे अजूनही जड आहे. २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत ‘पीअर रिव्ह्यूड (विषयतज्ज्ञांनी लेख तपासलेल्या) किंवा आयोगाच्या यादीतील’ पत्रिकेतील प्रत्येक लेखास २ गुण मिळतात. त्यांची कमाल मर्यादा विद्यापीठासाठी १० आणि महाविद्यालयासाठी ६ आहे. या वाक्यातील ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, कारण यादी गेली तरी तज्ज्ञांकडून तपासणी होण्याची अट शिल्लक राहते, आणि ज्या वाङ्मयीन नियतकालिकात अशी तपासणी खरोखर होते त्याला केवळ ते वाङ्मयीन आहे म्हणून नाकारण्यास तत्त्वतः आधार उरत नाही. व्यवहारात मात्र निवड समितीतील सदस्य जे ओळखतात तेच मोजले जाते. चर्चासत्राच्या आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय नोंदक्रमांक) असलेल्या पुस्तकातील प्रकरणास पदोन्नतीच्या तक्त्यात ५ गुण असले, तरी नवोदिताच्या छाननी-तक्त्यात त्याला स्वतंत्र रकाना नाही. म्हणून केवळ गुणांसाठी त्या वाटेला जाऊ नये.

वाचकाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र उलटते. मराठी समीक्षेतील वाद विद्यापीठांच्या दप्तरांत झाले नाहीत; ते १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथे’त आणि वाईच्या ‘नवभारत’सारख्या मासिकांत झाले. लेखाला कवी, कादंबरीकार, अनुवादक आणि विद्यापीठाबाहेरचे जाणकार वाचक हवे असतील, तर ते येथेच भेटतात. चांगला संपादक लेखातील परिभाषेचा फापटपसारा काढायला लावतो आणि विधानाला उदाहरण मागतो. ही मेहनत अनेक शोधपत्रिकांत होत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. मात्र नियतकालिकाची पाने मोजकी असतात आणि पाठभेद, हस्तलिखितांची तुलना किंवा लांबलचक तळटीपा त्यात मावत नाहीत. महानुभाव पोथ्यांच्या पाठचिकित्सेवरील लेख म्हणून शोधपत्रिकेलाच द्यावा; समकालीन कादंबरीवरील लेख मी नियतकालिकाला देईन, नोकरीची मुलाखत वर्षभरात असेल तर मात्र नाही.

पैसे भरताच चार दिवसांत लेख स्वीकारणाऱ्या आणि मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (लेखांचे दाखले किती घेतले जातात याचा आकडा) मिरवणाऱ्या पत्रिकांचा विचारच करू नये. कोठेही लेख देताना तो कोण तपासणार हे संपादकांना विचारावे, आणि परीक्षकाचे अभिप्राय व स्वीकृतिपत्र जपून ठेवावे. छाननीत प्रश्न निघाला तर दाखवायला तेच कागद हाताशी असतील.