फ्लॅप कंट्रोलर आठ महिने वापरून: डबा बरा, अर्थिंग बेकार

फ्लॅप म्हणजे विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली करायच्या झडपा, आणि त्या बटणावर वरखाली करणारा डबा म्हणजे हा कंट्रोलर. ऑक्टोबरात बसवला, आता जून चालू आहे, मधे साधारण ६० तास उडवलं, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. विमान आरव्ही-७ए, दोन सीटचं, मी बांधलेलं नाही, एका रिटायर्ड काकांनी गॅरेजमधे बांधलेलं सेकंडहँड घेतलंय, इथे टेक्सासमधे. पुण्याच्या मित्रांना दर वेळी सांगावं लागतं की बाबांनो होमबिल्ट म्हणजे जुगाड नाही, किट येतं, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, एफएएचं (इथल्या सरकारी विमान खात्याचं) इन्स्पेक्शन होतं आणि मग कॉकपिटपाशी ‘एक्सपेरिमेंटल’ असं मोठ्या अक्षरात लिहावं लागतं, जे वाचून आमच्या सासूबाई आजतागायत त्यात बसलेल्या नाहीत. कांदिवलीत अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं ते माहीत असेल, ही त्याच हौसेतली गोष्ट, फक्त परवानग्यांसाठी त्यांना जेवढं झगडावं लागलं तेवढं इथे लागत नाही.

तर आधी फ्लॅपला साधा स्विच होता. दाबून धरला की मोटर चालते, सोडला की थांबते. किती उतरले ते कळायला मान वळवून पंखाकडे बघायचं, काकांनी फ्लॅपच्या कडेला रंगाने रेघा मारून ठेवल्या होत्या. फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत उतरत असताना, एक हात स्टिकवर, दुसरा थ्रॉटल सोडून स्विचवर आणि नजर मागे, असली कसरत. म्हणून हा कंट्रोलर घेतला. एकदा दाबलं की १० डिग्री, परत दाबलं की २०, मग ४०, आणि वर एकदा दाबलं की सगळे आत. फ्लॅपच्या दांड्याला एक छोटा पोझिशन सेन्सर जोडायचा, त्याच्या व्होल्टेजवरून डब्याला कळतं फ्लॅप कुठे आहेत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे रामायण झालं त्यात त्यांचा दोष फार थोडा आहे.

पहिले तीन महिने एकदम मक्खन. मग फेब्रुवारीत एकदा ४० मागितले तर २० च्या थोडं पुढे जाऊन थांबले आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. लँडिंग झालं नीट, थोडा जास्त स्पीड ठेवायचा आणि रनवे जास्त लागतो इतकंच. फ्लॅप खाली उतरत नाहीत याची मला फारशी भीती नाही, पूर्ण खाली अडकले आणि गो-अराउंड करायची, म्हणजे उतरणं सोडून परत वर चढायची वेळ आली तर खरी फाटते, कारण ४० डिग्रीला हे विमान नीट चढत नाही. असो. हँगरमधे आणून बटण दाबलं तर शहाण्या बाळासारखे ४० पर्यंत गेले. दहा वेळा केलं, दहाही वेळा गेले. दुसऱ्या दिवशी हवेत परत तेच.

इथे मी जो गाढवपणा केला तो सांगतो, काहीही न मोजता नवी मोटर मागवली. सीटांच्या मागे मधोमध उभं कव्हर आहे, ते काढून त्यात हात घालून मोटर बदलणं म्हणजे मनगटाची सालं काढून घेणं, आख्खा शनिवार गेला आणि फरक शून्य. विमान मी बांधलेलं नसल्यामुळे दर वर्षीचं कंडिशन इन्स्पेक्शन मला मेकॅनिककडून करून घ्यावं लागतं, ते आजोबा सहज डोकावले आणि म्हणाले, जमिनीवर चालतं हवेत चालत नाही, मग हवेत वेगळं काय आहे ते बघ ना.

वेगळं काय तर वारा. फ्लॅप वाऱ्याविरुद्ध ढकलायला मोटर जास्त करंट ओढते. मग बायकोला फ्लॅपपाशी उभं केलं, तळहाताने वर दाबून धर, बोटं फटीत घालू नकोस असं चार वेळा बजावलं, आणि मी मीटर घेऊन आत. ‘अरे घेताना तर म्हणाला होतास सगळं ऑटोमॅटिक आहे,’ हे ऐकत ऐकत मोजलं. बॅटरीला १२.६ व्होल्ट, मोटरच्या टोकांना ९.६. म्हणजे ३ व्होल्ट वाटेत कुठेतरी गायब. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी मोटरच्या मायनसला लावली, तिथे जवळजवळ शून्य यायला पाहिजे, आले २.४! अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने कसली होती तिथे खाली प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) थर तसाच होता, त्यामुळे करंट नीट जात नव्हता. गंमत बघा, मोटर ८ अँपिअर ओढत होती, म्हणजे तो सांधा फक्त ०.३ ओहमचा, आणि ओहमवर मोजलं असतं तर एवढं मीटरच्या स्वतःच्या वायरीच दाखवतात, मी ठीकच आहे म्हणून पुढे गेलो असतो. लोड देऊनच मोजायला लागतं. मोटर हळू पडायची, डब्याला वाटायचं फ्लॅप अडकले आणि तो सप्लाय तोडायचा, म्हणजे बिचारा काम बरोबरच करत होता. प्रायमर खरवडला, नवीन रिंग टर्मिनल आणि स्टार वॉशर टाकून कसलं, त्यानंतर चार महिन्यांत एकदाही दिवा लागलेला नाही.

दुसरा त्रास मात्र थोडा डब्याचा म्हणीन. रेडिओचं बटण दाबून ‘टर्निंग बेस’ (उतरण्याआधीचं वळण घेतोय) म्हटलं की फ्लॅप किंचित थरथरायचे, मोटर कुर्र कुर्र करायची. ट्रान्समिट करताना रेडिओ सेन्सरच्या वायरीत घुसत होता. शील्डेड वायर टाकली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, अँटेनाच्या केबलपासून लांबून फिरवली, गेलं. पण हे मॅन्युअलमधे एका ओळीत लिहायला काय झालं होतं? मॅन्युअल म्हणजे चार पानं, त्यातलं एक वॉरंटीचं. आणि काहीही बिघडलं तरी तोच एक लाल दिवा, सेन्सर गेला की मोटर अडकली की सप्लाय कमी, काही पत्ता नाही. बायपासची सोयही नाही, ती मी जुनाच स्विच वापरून स्वतः केली, डबा मेला तरी दाबून धरून फ्लॅप आत घेता येतात. आणि फ्लॅपचा ब्रेकर पॅनलच्या कोपऱ्यात होता तो हाताशी आणला, रिले (मोटरला सप्लाय देणारा विजेचा स्विच) चिकटून मोटर चालूच राहिली तर तो ओढण्याशिवाय दुसरा इलाज नाही.

पाचात चार स्टार, एक मॅन्युअलचा कापला. परत घेईन का, तर हो, फायनलवर मान मागे वळवायची सवय आता पूर्ण सुटलीय. फक्त ताशी १०० मैलांच्या खाली आल्याशिवाय पूर्ण फ्लॅप मागायचे नाहीत हे या डब्याला कळत नाही, ते आपणच बघायचं.

आणि हो, काढलेली जुनी मोटर व्यवस्थित चालू आहे, हँगरमधे शेल्फवर पडलीय, डॅलसच्या आसपास कोणाला हवी असेल तर घेऊन जा.