डायव्हर्टिक्युलायटिस: मऊ भात किती दिवस, भाकरी-उसळ कधीपासून?

या दुखण्यात आहाराबद्दल दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, चोथा नसलेलं, हलकं खा. दुसरा म्हणतो, चोथा भरपूर खा. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांची वेळ वेगळी आहे. मला जास्त काळजी वाटते ती पहिल्याच सल्ल्यावर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांची.

मोठ्या आतड्याच्या भिंतीला लहान पिशव्या फुगून येतात. नुसत्या पिशव्या असल्या तर बहुतेकांना त्रास होत नाही. त्यांना सूज आली की पोटात दुखतं, ताप येतो. ते डायव्हर्टिक्युलायटिस.

दुखणं ऐन भरात असताना पातळ आहार बरा: भाताची गाळलेली पेज, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा, शहाळ्याचं पाणी (मूत्रपिंडाचा विकार असेल तर शहाळं विचारून). त्याने सूज बरी होत नाही, पण दुखऱ्या आतड्यावरचा भार हलका होतो. दुखणं ओसरू लागलं की मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, साल काढून शिजवलेला दुधी. पातळ आहार दोन-तीन दिवसांपुरताच. तेवढ्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांना कळवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर या दिवसांत साखर उतरू शकते, डोस आधीच विचारून घ्या. ताप चढला, उलट्या थांबेनात, पोट कडक झालं, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. वेदनेसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. या आजारात त्यांनी रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो.

बरं वाटल्यावर मात्र पारडं फिरतं. पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये चोथा जेमतेम ३ ग्रॅम, ज्वारीत सुमारे १०. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम गाठायचे तर दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर अख्ख्या मुगाची उसळ, एक पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यात बहुतेक काम होतं. आपल्या रोजच्या ताटाबाहेरचं यात काहीच नाही. साबुदाण्याचा उपवास वारंवार करणाऱ्यांनी त्या दिवशी राजगिरा, रताळं आणि फळं जरूर घ्यावीत, कारण साबुदाण्यात चोथा नसल्यात जमा.

चोथा जास्त खाणाऱ्यांना हा आजार कमी होतो, हे मोठ्या पाहण्यांमधून दिसलं आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ४७,००० लोकांच्या पाहणीत शाकाहारींना धोका सुमारे ३१ टक्के कमी आढळला. एकदा येऊन गेलेलं दुखणं चोथ्याने परत येणारच नाही, इतका भक्कम पुरावा मात्र नाही. तरीही मी भाकरीच्याच बाजूने आहे, कारण ती बद्धकोष्ठावर चालते आणि तिचा तोटा जवळजवळ काही नाही.

मग शेंगदाणे, तीळ, पेरूच्या बिया, टोमॅटो? बिया पिशवीत अडकतात म्हणून हे सगळं बंद करायला सांगणारे अजून भेटतात. २००८ साली अमेरिकेतल्या ४७,००० हून अधिक पुरुषांची १८ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात दाणे आणि मक्याच्या लाह्या खाल्ल्याने धोका वाढलेला दिसला नाही. त्यामुळे दाण्याची चटणी आणि तिळाचा लाडू सोडायचं कारण नाही. एखाद्या पदार्थाने तुम्हाला खरोखर त्रास होत असेल तर तेवढा टाळा. लाल मांस मात्र आठवड्यात कमी करा; ते जास्त खाणाऱ्या पुरुषांत हा आजार जास्त आढळला आहे.

इसबगोल की अन्न? दात नाहीत, भाकरी चावत नाही किंवा नोकरीमुळे बाहेरचंच खावं लागतं, तर इसबगोल सोयीचा. तो भरपूर पाण्यासोबतच घ्यावा. घरचं जेवण मिळत असेल तर मी आधी ताट बदलेन, कारण डाळी-भाज्यांतली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं इसबगोलात नाहीत. दोन्हींत चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून पहिल्या आठवड्यात एक भाकरी, पुढच्यात उसळ, असं चढत जा.