दुकानातला डेमो ऐकून जुनं सेरॅमिक कार्ट्रिज घेणार असाल तर आधी हे वाचा

जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या एका विक्रेत्याने मला साडेआठ हजाराला गंडवलं, आणि तेही माझ्याच कानांना साक्षीदार करून, म्हणून लिहितोय कारण हाच डेमो तो अजून कितीजणांना दाखवत असेल देव जाणे.

मला डेनॉनचं डीएल-१०३ कार्ट्रिज (म्हणजे सुई बसवलेला, तिच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग) घ्यायचं होतं, साठच्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेबरोबर बनवलेलं, मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी प्रकारचं, आजही नवं मिळतं. तर हा म्हणतो, साहेब एमसी म्हणजे नुसती हवा, दोन्ही ऐका मग बोला. एका जुन्या व्हॉल्व्ह अँपला आधी एमसी लावलं, जेमतेम कुजबुज. मग तेच अँप, व्हॉल्यूमला हात न लावता सेरॅमिक, तर दुकान दणाणलं! शेजारी बसलेले दोन काका वा वा करायला लागले (ते पण त्याचेच असणार, असो).

मेख अशी की डीएल-१०३ मधून येतात ०.३ मिलिव्होल्ट आणि सेरॅमिकमधून काहीशे मिलिव्होल्ट, जवळपास हजारपट फरक. एमसीला आधी सिग्नल वाढवायला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर किंवा हेडअँप आणि मग आरआयएए वाला (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास परत भरणारा) फोनो प्रीअँप लागतो, याने दोन्ही गाळून वायर थेट अँपमध्ये घुसवली. सेरॅमिकला ते काही लागत नाही, त्याला फक्त मेगओहमच्या (दहा लाख ओहम) घरातला रोध असलेला इनपुट हवा आणि तो त्या व्हॉल्व्ह अँपला बरोब्बर होता. एकाचे पाय बांधून शर्यत लावायची आणि दुसऱ्याला हार घालायचा, झालं.

भुलून घेतलेलं ते सेरॅमिक घरी माझ्या अँपच्या ऑक्स इनपुटला जोडलं, तो ४७ किलोओहमचा, म्हणजे त्याला फारच कमी, तर बास गायब. तबल्यातला डग्गा ऐकूच येईना, नुसती चाट. वर "सीलबंद, न वापरलेलं" म्हणून दिलेली सुई भिंगाखाली बघितली तर झिजलेली, रबर दगड झालेलं, पाच ग्रॅमच्या वर वजन दिल्याशिवाय खोबणीत टिकत नाही. एमसीला अडीच ग्रॅम पुरतात हो! नाट्यगीतांची एक चांगली एलपी त्यात कायमची खरखरायला लागली, तिचे पैसे कोण देणार?

सेरॅमिक वाईटच असं नाही, साध्या पोर्टेबल प्लेअरला ते ठीकच, पण त्याची किंमत ती नाही. आणि बाहेरून तशीच दिसणारी जुनी क्रिस्टल कार्ट्रिजं पण असतात, आत रोशेल सॉल्ट नावाचा ओलीने खराब होणारा क्षार, आपल्याकडच्या दमट हवेत ती कधीच मेलेली असतात, त्यामुळे सेरॅमिक म्हणून नक्की काय देतायत ते पण बघा.

परत करायला गेलो तर "विंटेज मालाला गॅरंटी नसते, पंधराशे देतो". मी मित्राचा हेडअँप आणि प्रीअँप पिशवीतून नेला होता, म्हटलं पैशाचं नंतर बघू, आता यावर लाव एमसी. तर म्हणे लाइट गेलीय. डोक्यावर पंखा गरगरत होता.