लाकूड पक्कं, गादीनं रडवलं: जुन्या बेंटवुड खुर्च्या, नऊ महिन्यांनंतर

जानेवारीत नागपूरच्या इतवारीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून चार खुर्च्या उचलल्या, अडीच हजाराला एक. इराणी हॉटेलात असतात तशा: गोल बैठक, पाठीला एकात एक दोन कमानी. खाली पुसटसा ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ छाप. तो देश १९९३ मध्ये दोन झाला, म्हणजे त्याआधीच्या नक्की. दुकानदार म्हणतो, साठच्या दशकातल्या.

ही बेंटवुड, म्हणजे वाकवलेल्या लाकडाची, घडण मायकेल थोनेट या जर्मन कारागिराची. बीच या झाडाच्या लाकडाच्या दांड्या वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायच्या. त्याच्या १८५९ च्या चौदा नंबरच्या खुर्चीत लाकडाचे सहाच तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सगळा जीव स्क्रूत. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, लाकूड वाळलं आणि जेवताना खुर्च्या कुरकुरू लागल्या. सुतार सरसाचा डबा घेऊनच आला. म्हटलं, थांबा भाऊ. खुर्ची पालथी घालून स्क्रू अर्धा-अर्धा पीळ आवळले, आवाज बंद.

खरा मनस्ताप बैठकीचा. प्लाय मधोमध खचली होती म्हणून नवी टाकली, वर दोन इंच फोम. कुशनवाल्यानं कापड कडेवरून खाली दुमडून पिना मारल्या आणि ती चकती बैठकीच्या लाकडी रिंगच्या खाचेत बसेचना. दुमडलेल्या कापडाची जाडी त्यानं धरलीच नव्हती. मग पठ्ठ्यानं हातोडीनं ठोकून बसवली! महिनाभरात एका रिंगला जोडाशी केसाएवढी चीर. तिथं मात्र सरसच लागला, रात्रभर दोरीनं करकचून बांधून ठेवली. पुढे दुसऱ्याकडून चकत्या कडेनं तासून घेतल्या, फोम एक इंचावर आणला. दोन इंचात मांड्या टेबलाला घासत होत्या.

रेक्झिन लावू नका, आपल्या उन्हाळ्यात पायजम्यासकट चिकटतं. मी जाड सुती कापड लावलं, गडद विटकरी. तर्रीचा डाग आठव्या दिवशी पडला, पण शोधावा लागतो. कूलरसमोरच्या खुर्चीचं चपड्याचं पॉलिश ओलीनं पांढुरकं पडलं. तिची जागा बदलली.

बाकी वजनाला हलक्या, एका हातानं उचलून झाडू मारता येतो. तासभर आरामात बसवतं. फक्त आईला पटल्या नाहीत. तिला जेवताना मांडी घालायची असते आणि सोळा इंचांच्या गोलात मांडी मावत नाही. तिची प्लास्टिकची खुर्ची टेबलाशी परत आली आहे.