पानांचा कोड: चार महिने स्वतःचा, पाच महिने पेजी

इंदूरला रामबागेत ओळखीच्या एक काकू वधू-वर सूचक मंडळ चालवतात. त्यांच्या वह्यांतली स्थळं वेबसाइटवर आणायचं काम माझ्याकडे आलं. साइट रूबी भाषेतल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये, एका पानावर 20 स्थळं, नवी नोंदणी सगळ्यात वर.

पानांचा हेल्पर, म्हणजे यादी पानांत वाटणारा छोटा कोड, आधी मी हातानेच लिहिला. लिमिट (किती स्थळं आणायची), ऑफसेट (आधीची किती सोडायची) आणि खाली पानांचे आकडे, एवढंच तर काम, असं वाटलं होतं. पण 60 स्थळं झाली त्या दिवशी चौथं पान उगवलं आणि ते कोरं निघालं. भागाकारात सरसकट एक मिळवत होतो, बाकी शून्य आली तरीही. मग 'नोकरी पुणे' निवडून दुसऱ्या पानावर गेलं की निवड पुसली जायची. वेबपत्त्यात कुणी पान उणे एक टाकलं की साइट कोसळायची. दर आठवड्याला एक ठिगळ.

पाचव्या महिन्यात पेजी हे जेम, म्हणजे पानं पाडायचा आयता रूबी कोड, घातलं. निवड टिकली, आकडे बरोबर आले, अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन-रीडरला चालू पान कुठलं ते कळायला लागलं. या कामासाठी स्वतःचा कोड लिहू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

तरी काकूंचा फोन आलाच. "अरे, तेच स्थळ दोन्ही पानांवर दिसतंय." वहीतली नावं एकाच झटक्यात चढवली होती, त्यामुळे सगळ्यांची नोंदणीची वेळ एकच. क्रम फक्त वेळेवर लावलेला, मग बरोबरीतल्या नावांना डेटाबेस हवं तसं मागेपुढे करतो. जोडीला प्रत्येक स्थळाचा वेगळा आयडी लावला, क्रम पक्का झाला.

यापेक्षा मोठा घोळ मात्र कुणी फोन करून सांगत नाही. तुम्ही पहिलं पान बघताय आणि तेवढ्यात त्यातल्या एका मुलीचं लग्न ठरून तिचं नाव निघालं. एकविसावं स्थळ सरकून विसावं होतं. तुम्ही दुसऱ्या पानावर जाता, ऑफसेट पहिली 20 सोडून देतो, आणि ते स्थळ तुम्हाला दिसतच नाही. दुकानाच्या यादीत हे चालून जाईल. इथे एका घराची गाठ चुकू शकते. यात दोष पेजीचा नाही, ऑफसेटचा आहे. माझ्या हेल्परमध्येही तो होताच, मला दिसला नव्हता इतकंच.

म्हणून आता पेजीचंच कीसेट वापरतो: शेवटचं दिसलेलं स्थळ लक्षात ठेवायचं आणि त्याच्या पुढची 20 आणायची. वेळ आणि आयडी मिळून डेटाबेसात एक इंडेक्स (पटकन शोधायची सूची) केला. पानं किती ते काढायला एकूण स्थळं मोजणारी क्वेरीही गेली.

किंमत एकच, पण काकूंना ती जाणवली. पानांचे आकडे गेले, फक्त 'पुढे' राहिलं. "सातव्या पानावर बघा हो" असं त्या मुलीच्या आईला फोनवर सांगायच्या, ते बंद झालं. मग प्रत्येक स्थळावर नोंदणी क्रमांक ठळक छापला आणि वर क्रमांकाने शोधायची चौकट दिली. काकू आता फोनवर क्रमांक सांगतात.